दहा इंची डिजिटल फोटो फ्रेम: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरल्यावर

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, फ्रेमचा ॲडॉप्टर गेला, सर्व्हिस सेंटरशी वाद झाला, आणि तेव्हाच ठरवलं की आता सविस्तर लिहायचं. ॲडॉप्टरचं पुढे सांगतेच. त्याआधी ही फ्रेम फोटो कसे कापते ते सांगायला हवं, कारण साडेआठ हजार रुपये देऊन घरात आणलेल्या वस्तूने माणसांची डोकी उडवावीत हे मला अजूनही सहन होत नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हेच पॅनेल आणि जवळपास हेच ॲप असलेल्या फ्रेम बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळतात, त्यामुळे अनुभव सगळ्यांनाच उपयोगी पडेल. 10.1 इंच, 1280 बाय 800 पिक्सेल, आयपीएस (एलसीडी पडद्याचा एक प्रकार), वायफाय, आत 16 जीबी, बाजूला कार्ड आणि पेनड्राइव्हची खाच. फोटो आत भरले की ते एकामागून एक दाखवत राहते.

आई-बाबांसाठी दिवाळीत घेतली. मोबाइलवर फोटो बघताना बाबांचा अंगठा लागतो आणि फोटो भलतीकडेच सरकतो, म्हणून बैठकीत कायम चालू राहील असं काहीतरी हवं होतं. पहिल्याच दिवशी मी मारबतीचे फोटो चढवले. मारबत म्हणजे वाईटाचं प्रतीक मानलेला भला मोठा स्त्रीचा पुतळा; आमच्या नागपुरात त्याची मिरवणूक निघते आणि तिचे बऱ्याच वर्षांचे फोटो आमच्याकडे आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आम्ही दरवर्षी इतवारी भागात उभे राहतो. काळ्या मारबतीची परंपरा 1881 पासूनची आणि पिवळीची 1885 पासूनची सांगितली जाते. बाबा लहानपणापासून ती मिरवणूक बघत आलेले, त्यामुळे तेच फोटो त्यांना आधी बघायचे होते. फ्रेम सुरू झाली. बाबा चष्मा पुसून समोर बसले आणि म्हणाले, "काऊन वं, मारबतीचं डोकं कुठं गेलं?"

डोकं नव्हतंच. छाती, हात, खाली गर्दीतल्या टोप्या, एवढंच. पुढच्या फोटोत आजी फक्त कपाळापासून हनुवटीपर्यंत. उभे फोटो सगळे असेच.

हे का होतं त्याचा हिशेब एकदा नीट समजून घ्या, कुठलीही फ्रेम घेताना कामी येईल. या पॅनेलची रुंदी उंचीच्या 1.6 पट. मोबाइलचा आडवा फोटो साधारणपणे 4:3, म्हणजे रुंदी 1.33 पट. ॲपमध्ये 'फिल' असेल तर ते फोटो रुंदीला पुरेपूर बसवतं आणि वरचा-खालचा भाग उडवतं. 4:3 च्या आडव्या फोटोचा सहावा हिस्सा जातो. कॅमेऱ्याचा फोटो 3:2 असेल तर सोळावा, तो चालून जातो. पण मोबाइलचा उभा 3:4 फोटो? त्याचा निम्म्याहून जास्त भाग पडद्याबाहेर. उरतात 47 टक्के, तेही मधले. मारबत उंच, गल्ली अरुंद, गर्दीतून वर हात करून काढलेले फोटो. ते उभेच असणार. नागपुरातल्या कुणालाही ही फ्रेम विकताना हे दुकानदाराने सांगायला हवं.

'फिट' नावाचा पर्याय सेटिंगमध्ये आहे. तो निवडला की फोटो पूर्ण दिसतो, बाजूंना काळे पट्टे येतात. मग तक्रार कशाची? तक्रार ही की लाइट गेली आणि परत आली की सेटिंग पुन्हा 'फिल'वर जातं. दरवेळी. तारीख लक्षात राहते, वायफायचा पासवर्ड लक्षात राहतो, स्लाइडचे सेकंद लक्षात राहतात, फक्त हेच विसरलं जातं. मे-जूनमध्ये आमच्या भागात लाइट किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको. आई-बाबांना सेटिंगमध्ये जाता येत नाही. मी राहते धरमपेठेत, ते शहराच्या महाल भागात. म्हणजे लाइट गेली की मारबतीचं डोकं गेलं, आणि ते परत बसवायला मी येईपर्यंत गेलेलंच.

कंपनीला मेल केला. उत्तर आलं: फ्रेम फॅक्टरी रिसेट करा. केली. चढवलेले सगळे फोटो पुसले गेले आणि दोष तसाच. पुन्हा मेल केला तर तेच उत्तर, शब्दही न बदलता. तेव्हा मी या फ्रेमला पाचपैकी दोन स्टार दिले होते, आणि त्या दिवसापुरते तेही जास्तच होते.

आज साडेतीन देते. कारण सांगते.

एका रविवारी चिडून मी ठरवलं की फ्रेमला कापायला काही उरूच द्यायचं नाही. फोटो आधीच 1280 बाय 800 च्या नेमक्या मापात बनवून द्यायचा. मग 'फिल' असो की 'फिट', फरक पडायचं कारणच नाही. उभ्या फोटोंचं काय? पडदा मधोमध दुभागला तर प्रत्येकी 640 बाय 800 मिळतात, म्हणजे 4:5. मोबाइलचा 3:4 उभा फोटो त्यात बसवताना फक्त सोळावा हिस्सा जातो, आणि तो कुठला जावा हे मी ठरवते. मी पहिली जोडी केली ती डावीकडे पिवळी मारबत आणि उजवीकडे काळी. दोघी डोक्यापासून खालपर्यंत, एकाच पडद्यावर, एकमेकींच्या शेजारी. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग आईला हाक मारली, मग शेजारच्या काकूंना बोलावलं. काकूंनी फ्रेमला नमस्कार केला. त्या दिवसापासून या वस्तूकडे बघायची माझी नजर बदलली.

ही जोडी बनवायला पैसे लागत नाहीत. फोटोपी नावाची साइट ब्राउझरमध्येच चालते, फोटो तुमच्याच मशीनवर राहतो, कुठे अपलोड होत नाही. नवीन फाइल 1280 बाय 800 ची घ्यायची, दोन फोटो आत टाकायचे, सरकवून बसवायचे. ज्यांना इन्स्टॉल करायचं आहे त्यांना गिंप आहे, तोही फुकट. ढीगभर फोटो एकदम करायचे असतील तर विंडोजवर इरफानव्ह्यू: बॅच कन्व्हर्शनमध्ये लांब बाजू 1280 करायची, रीसॅम्पल फिल्टर लँक्झोस ठेवायचा, जेपेगची क्वालिटी 88-90. लहान केलेला फोटो किंचित मऊ पडतो, म्हणून शार्पनिंग लहान केल्यानंतर द्यायचं, आधी नाही. आधी दिलेलं निम्मं वाया जातं आणि कडांना पांढरी रेघ उमटते ती वेगळीच. मोकळी जागा उरली तर ती ठार काळी न ठेवता गडद करडी ठेवा; आयपीएसचा काळा रात्री अंधाऱ्या खोलीत तसाही उजळ दिसतो, आणि करडा ठेवला की ते डोळ्यांना खुपत नाही.

आणखी एक. 1280 बाय 800 म्हणजे जेमतेम दहा लाख पिक्सेल. या फ्रेमसाठी महागडा कॅमेरा घ्यायची गरज अजिबात नाही. बाबांच्या मित्राने मुलाला 'फ्रेमसाठी' नवीन फोन घ्यायला सांगितलं होतं. मी जाऊन थांबवलं. जुन्या आठ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो इथे आठपट मोठा आहे. खर्चच करायचा असेल तर उजेड कसा बघायचा हे शिकण्यात वेळ खर्च करा. केंब्रिज इन कलर या साइटवरचे धडे मी अजूनही उघडते. हिस्टोग्राम, मीटरिंग, शार्पनिंग, सगळं आकृत्यांसह आणि कुठलाही कॅमेरा विकायचा हेतू न ठेवता समजावलेलं आहे. इंग्रजी सोपं आहे. मराठीत इतकं नीटस मला मिळालं नाही आणि त्याचं वाईट वाटतं.

आता रंगांकडे. इथे माझं मत दोनदा बदललं आहे.

सुरुवातीला वाटलं की पॅनेलच फिकट आहे. भाच्याने कॅमेऱ्यातून काढलेली पिवळी मारबत फ्रेमवर उन्हात वाळलेल्या हळदीसारखी मळकट दिसत होती, आणि माझ्या मोबाइलने काढलेली तीच मारबत झळझळीत. एकाच दिवशीची, एकाच गल्लीतली. मग कळलं की भाच्याचा कॅमेरा ॲडोबी आरजीबीवर होता. ही रंगांची मोठी पेटी 1998 मध्ये छपाईचा विचार करून आणली गेली. साधे पडदे, वेबसाइट, मोबाइल हे सगळं बव्हंशी एसआरजीबी ही लहान पेटी गृहीत धरून चालतं, जी एचपी आणि मायक्रोसॉफ्टने 1996 मध्ये मांडली. फाइलच्या आत 'मी ॲडोबी आरजीबी आहे' अशी नोंद असते आणि संगणकावरचा चांगला ब्राउझर ती वाचतो. ही फ्रेम ती नोंद वाचतच नाही. सगळे आकडे एसआरजीबी समजूनच दाखवते, म्हणून रंग पडतात. हा फ्रेमचाच दोष आहे आणि खोक्यावर 'खरे रंग' असं छापणाऱ्यांनी तो दूर करायला हवा होता. उपाय मात्र सोपा: फोटो निर्यात (एक्सपोर्ट) करताना एसआरजीबीमध्ये रूपांतर करा. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही फोटो सुधारायची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट, दोन्हींत हा पर्याय निर्यातीच्या जागी आहे. नुसतं प्रोफाइलचं, म्हणजे त्या नोंदीतलं, नाव बदलू नका, रूपांतर करा. नाव बदलल्याने आकडे तेच राहतात.

रूपांतर केल्यावर पिवळा रंग आला, पण कापडाच्या चुण्या दिसेनात. ते फ्रेमचं काम नव्हतं. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा मिळून. भर दुपारच्या उन्हात लाल चॅनेल आधी फुटतो, म्हणजे लालचा तपशील जळून जातो, आणि एकत्रित हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) ते कळतही नाही. म्हणून कॅमेऱ्यात तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावायचा आणि लाल उजव्या भिंतीला टेकत असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, अर्धा-पाऊण स्टॉप खाली घ्यायचं. काळ्या मारबतीला उलटी अडचण. फोटोभर काळा असला की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर त्याला मधला करडा करायला बघतो, उजेड वाढवतो, आणि मागची गर्दी, आकाश पांढरं होऊन जातं. तिथेही खालीच घ्यायचं. पिवळी आणि काळी, दोघींनाही कमी एक्स्पोजर लागतं पण कारणं वेगवेगळी आहेत, हे मला फार आवडलं. भाच्याला समजावलं तर तो म्हणाला, "मावशी, हे तर कॅमेऱ्यासोबतच्या पुस्तकात नाही." नाहीच.

काळी मारबत तरीही फ्रेमवर एकसलग डाग दिसत होती. मग लागोम या साइटवरची पडदे तपासायची चित्रं वापरली. ती मॉनिटरसाठी आहेत, पण मी सेव्ह करून पेनड्राइव्हने फ्रेमवर लावली. काळ्याच्या चित्रात हळूहळू उजळत जाणारे चौकोन असतात. कंपनीने लावून दिलेल्या काँट्रास्टवर सुरुवातीचे बरेच चौकोन काळ्यात गडप. काँट्रास्ट उतरवत गेले, ब्राइटनेस थोडा वाढवला, तसे एकेक उघडले. पांढऱ्याच्या चित्रातही तेच. तिथले फिकट चौकोन दिसायला लागल्यावर दीक्षाभूमीच्या घुमटाचा फोटो ढगाळ आकाशापासून वेगळा झाला. दुकानात फ्रेम भडक दिसावी म्हणून हे काँट्रास्ट चढवलेलं असतं. घरी आणल्यावर पहिलं काम हेच करा. आणि हे सेटिंग, देवाची कृपा, लाइट गेल्यावरही टिकतं.

छोट्या-छोट्या गोष्टी भरभर सांगते. पेनड्राइव्हवरून लावलेले काही उभे फोटो आडवे पडतात, कारण कॅमेरा फोटो फिरवत नाही, फक्त 'फिरवून दाखवा' अशी नोंद करतो आणि फ्रेम पेनड्राइव्हच्या बाबतीत ती वाचत नाही. इरफानव्ह्यूच्या लॉसलेस रोटेशनने फोटो खरोखर फिरवून घ्या. आयफोनच्या एचईआयसी फाइल कार्डावरून दिसतच नाहीत, फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' करा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो फ्रेमला पुरतो, पण त्यातली काढल्याची तारीख गळून पडलेली असते, त्यामुळे तारखेच्या क्रमाने लावलं की 2012 चं लग्न कालच झाल्यासारखं येतं. नातेवाइकांना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' सांगा. छापायचा असेल तर तो फोटो डॉक्युमेंट म्हणूनच हवा. बर्डीवरच्या (सीताबर्डीतल्या) लॅबमध्ये 8 बाय 12 इंचांचा प्रिंट 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) काढायचा तर 2400 बाय 3600 पिक्सेल लागतात. कापायचा प्रश्न तिथेही आहेच: 4 बाय 6 च्या कागदावर मोबाइलच्या फोटोचा नववा हिस्सा जातो. 'बॉर्डर ठेवून काढा' म्हटलं की लॅबवाले ऐकतात.

ॲडॉप्टर. मे संपत आला होता, दुपारी कूलरही गरम हवा फेकत होता, फ्रेम दिवसभर चालू. संध्याकाळी बंद पडली ती पडलीच. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, वॉरंटी फ्रेमची एक वर्ष, ॲडॉप्टरची सहा महिने. ते वॉरंटी कार्डावर कुठे लिहिलंय विचारलं तर म्हणाले, "मॅडम, वेबसाइटवर आहे." माझ्या कार्डावर 'उत्पादन' असा एकच शब्द होता आणि ॲडॉप्टर त्याच खोक्यात आला होता. फ्रेम मुंबईला पाठवावी लागेल, कुरिअर तुमच्याकडे, असंही सांगितलं. ॲडॉप्टर जळलाय तर फ्रेम मुंबईला कशाला? याला उत्तर नव्हतं. मी बिल, कार्डाचा फोटो आणि मेल असं सगळं जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीचा सूर बदलला आणि नवीन ॲडॉप्टर घरपोच आला, पैसे न घेता. वॉरंटी कार्ड आणि बिल पहिल्याच दिवशी फोटो काढून ठेवा, एवढं ऐका.

तोवर बाबांना रिकामी फ्रेम बघवत नव्हती, म्हणून बर्डीवर मोदी नंबर 3 या गल्लीत जाऊन अडीचशेचा ॲडॉप्टर आणला. घेताना बघायचं ते असं: व्होल्ट अगदी तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिनच्या मधल्या भागाचं प्लस-मायनस चिन्ह जुन्यासारखंच, आणि पिन आत घट्ट बसली पाहिजे. माझा 5 व्होल्ट 2 अँपिअरचा होता. म्हणजे फ्रेम जास्तीत जास्त 10 वॉट खाणार. रोज बारा तास लावली तरी महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास. बिलाची काळजी करणाऱ्या आईला हाच हिशेब दाखवला तेव्हा ती दुपारी फ्रेम बंद करायची थांबली. आता मी टायमर लावून दुपारी बारा ते चार बंदच ठेवते, पण ते वीज वाचवायला नाही. 45 अंशांच्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक वस्तूला विश्रांती द्यावी म्हणून.

ॲपवरून फोटो पाठवणं सोयीचं आहे, पुण्याची बहीण तिकडून पाठवते आणि आई हरखते. पण ते फोटो कंपनीच्या सर्व्हरवरून येतात आणि तो सर्व्हर किती वर्षं चालेल ते कंपनीच्या हातात. म्हणून मूळ फोटो वेगळ्या हार्डडिस्कवर आणि तयार केलेले 1280 बाय 800 वाले 32 जीबीच्या कार्डावर, अशी माझी वाटणी आहे. गुगल फोटोजचं अमर्याद फुकट साठवणं 1 जून 2021 पासून बंद झालं, 15 जीबीत मेलसकट सगळं बसवायचं असतं; फ्लिकरवरही फुकटच्या खात्यात 1000 फोटोंची मर्यादा आहे. फ्लिकरवर मी निवडक मारबत ठेवली आहे, ठिकाणाची नोंद पुसून, कारण त्यातले काही फोटो आमच्या घराच्या गॅलरीतून काढलेले आहेत.

विकत घेणार असाल तर दुकानात आपल्या मोबाइलमधला एक उभा फोटो लावायला सांगा, सेटिंग 'फिट' करा, आणि प्लग काढून परत लावा. डोकं जागेवर राहिलं तर घ्या.

मागच्या आठवड्यात ॲपचं नवीन व्हर्जन आलं. 'फिट' आता लाइट गेल्यावर टिकतं, पण फक्त ॲपवरून आलेल्या फोटोंसाठी. कार्डावरचे मूळ मापाचे फोटो अजूनही कापले जातात. तिसरा मेल केला आहे, लाइट जाण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही पडदे शूट करून, पिवळ्या मारबतीच्याच फोटोवर. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन, आणि दोष गेला असेल तर आणखी एक स्टारही वाढवीन.